वडिलांचं उपोषण

माझे वडील गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते आणि अंगानेही चेअरमनच होते. दुष्काळात गुरांची हाडं वर आली, दूध आटलं, पण वडिलांचं पोट काही कमी होईना. त्यात हर्निया निघाला. केजच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, एवढ्या वजनावर भूल देणार नाही. आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन.

त्यासाठी त्यांनी वडिलांना पाकिटांवर ठेवलं. जेवणाऐवजी पाकिटातली पावडर पाण्यात कालवून दिवसातून चार वेळा प्यायची, वर भरपूर पाणी. भाकरी, चहा, फळांचा रस सगळं बंद. आधी रक्त तपासलं, छातीचा ईसीजी काढला, शुगरच्या गोळ्या स्वतः बदलून दिल्या आणि दर आठवड्याला येऊन दाखवायला सांगितलं. बोलत होते वडिलांशी, पण बघत होते आईकडे. "हे उपास नाहीत. एकही पाकीट चुकवायचं नाही. चक्कर आली, हात कापले, तर घरी काही करत बसू नका, इकडे आणा." आईसाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

वडिलांना मात्र पाकिटांची लाज वाटायची. लोक घागरी रांगेत लावून टँकरची वाट बघतायत आणि चेअरमन वजन उतरवतोय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दूध घालायला आलेल्या एकाने विचारलं, "चेरमन, च्या कावून सोडला?" वडील म्हणाले, "सोडलाय. भाकर बी सोडलीय." एवढंच. पुढचं गावाने ठरवलं. टँकर कितीतरी दिवस फिरकला नव्हता आणि चेअरमनने अन्न सोडलं होतं. याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो.

सकाळी सोसायटीसमोर मंडप उभा. पांढरी गादी, लोड, हार. वडिलांनी तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण गळ्यात हार पडला की आमचे वडील विरघळायचे. ते बसले. आणि उपोषणाला बसलेल्या माणसाने सगळ्यांदेखत पाकीट कसं प्यायचं, म्हणून सकाळचं चुकलं, दुपारचंही चुकलं.

दुपारी तालुक्याहून साहेब आले, मोसंबीचा रस घेऊन. उद्या टँकर पाठवतो म्हणाले आणि ग्लास पुढे केला. वडिलांनी हात जोडले. "रस चालत न्हाई साहेब." अगदी खरं होतं ते. साहेबांना वाटलं, माणूस भलताच कडक दिसतोय. आजच पाठवतो म्हणाले. वडिलांनी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी घाम पुसला आणि दोन टँकर कबूल केले. टाळ्या पडल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, ओढणी तोंडात कोंबून हसत होते. तेवढ्यात मला वडिलांचे जोडलेले हात दिसले. ते थरथरत होते. माझं हसू पळालं आणि मीही घराकडे पळाले.

आई तांब्यात पाकीट कालवत कालवतच मंडपात घुसली. "रस ठेवा बाजूला साहेब. सोडवायचंच आसंल तर ह्यानं सोडवा." साहेबांनी मुकाट्याने तांब्या वडिलांच्या ओठांना लावला. घोषणा झाल्या. "आता उठा," आई वडिलांना म्हणाली, "जीप बोलावलीय, तीत बसा. केजला जायचंय." चेअरमन हारासकट जीपमध्ये बसले.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, पुन्हा रक्त घेतलं आणि वडिलांना चांगलंच झापलं. वडील हार कुरवाळत ऐकत राहिले. परतताना आमच्या फाट्यावर दोन टँकर वळताना दिसले, तेव्हा आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. पुढे एकही पाकीट चुकलं नाही. वजन उतरलं, ऑपरेशन झालं, वडील चालत घरी आले. त्या कोरड्याठाक वर्षात इतका आनंद आमच्या घराने दुसऱ्या कशाचा केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा बंद पडला. चारचौघे आमच्या ओसरीवर आले. "वहिनी, चेरमनला पुन्यांदा त्या पाकिटावर बसवा की."

आत भाकरी कुस्करणारा वडिलांचा हात थांबला. त्यांना हार आठवला असणार.

"ज्याला बसायचंय त्यानं आदी केजला जाऊन रक्त तपासून यावं," आई म्हणाली. "माझा माणूस जेवायला बसलाय. त्याला कुणी उठवायचं न्हाई."

वडिलांनी आतून आणखी एक भाकरी मागितली. आईने अर्धीच वाढली.