विहिरीपाशी दोन उड्या

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दम भरते, "मोबाइलवर आलेला कोड सख्ख्या भावालाही सांगू नका." तिच्यापुढे भामट्यांची डाळ शिजायची नाही.

भावजींना जाऊन वर्ष झालं. दोघं मिळून एक ऑनलाइन गेम खेळायचे. रविवारी दुपारी त्या गेममध्ये भावजींच्या नावापुढचा हिरवा दिवा लागला. त्यांचा निळ्या टोपीचा शिपाई ताईजवळ आला आणि लिहिलेलं उमटलं, "तुझ्या मोबाइलवर आलेला कोड पाठव."

"अगं, कुणीतरी त्यांचं खातं चोरलंय! तक्रार कर आधी!" मी ओरडले.

"खातं बंद करतील गं. मग हा चालताना दिसायचा नाही."

कोड मात्र तिने दिला नाही. उलट त्यालाच खडसावलं, "चोर आहेस तू. ते गेममधल्या विहिरीपाशी आले की दोन उड्या मारायचे."

दुसऱ्या दिवशी शिपाई विहिरीपाशी आला, त्याने दोन उड्या मारल्या आणि पुन्हा नवा कोड मागितला.

"ताई, हे तूच त्याला सांगितलंस!"

"माहीत आहे गं मला," ती म्हणाली आणि एकेक आकडा लिहीत राहिली.