आईचा कान आणि गाडीचा पंप

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. त्यामुळे घरातल्या कुठल्याही दुखण्याचं निदान करायचा अधिकार आपोआप माझ्याकडे आला. पदवी भौतिकशास्त्राची आहे, याची चौकशी कुणी केली नाही. वडवणीजवळच्या आमच्या गावात शिकलेला म्हणजे सगळंच शिकलेला. तो बाटलीवरचं नाव वाचतो, बँकेचा फॉर्म भरतो आणि मोबाईलमध्ये बघून पोट का दुखतं तेही सांगतो.

माझ्याकडे तिसऱ्या मालकाकडून घेतलेली एक जुनी पेट्रोल गाडी आहे. आमच्या आळीतली पहिली चारचाकी. आई तिच्यात नेहमी मागे बसते. पुढची सीट शिकल्या-सवरलेल्यांची, असं तिनं ठरवून टाकलंय. शेजारी कुणी नसलं तरी ती पुढे येत नाही. पुढे तिची पिशवी बसते.

गेल्या हिवाळ्यात एकदा ती मागून म्हणाली, "आरं, माझ्या कानात भुणभुण होती."

"कधीपासून?"

"गाडीत बसलं की होती. उतरलं की न्हाई."

चौथीतल्या पोरानंसुद्धा यावर गाडीकडे बघितलं असतं. मी आईकडे बघितलं. तिचं वय, तिचा रक्तदाब, बंद काचांमुळे कानाच्या पडद्यावर येणारा दाब, असा सगळा विषय मी पुढचे आठ किलोमीटर तिला समजावून सांगितला. कॉलेजातल्या पोरांना शिकवतो त्याच तन्मयतेनं. घरी येऊन मोबाईलवर वाचलं आणि जाहीर केलं, "कानाची नस कमजोर झालीय. वयानं होतं." दुसऱ्या दिवशी कानात घालायचे थेंबही आणले. आईनं ते रोज घातले. लेकानं आणलेलं औषध तिच्या बाबतीत वाया जात नाही.

पण माझ्या ज्ञानाचा परिणाम थेंबांपाशी थांबला नाही. तिची आई म्हातारपणी ठार बहिरी झाली होती. आता आपली पाळी, असं तिच्या मनानं घेतलं. तिच्याकडे नऊ शेळ्या आहेत. याच शेळ्यांच्या आजी-पणज्यांनी माझं शिक्षण केलं. कॉलेजच्या दाखल्यावर माझं नाव आहे, पण दूध त्यांचं होतं. उन्हाळ्यात एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "शेळ्या इकून टाकते. करडू कुठल्या झुडपात ओरडतंय ते ज्याला ऐकू येत न्हाई, त्यानं जनावर राखू नये. लांडगा काय सांगून येतो का?"

युसूफ वडगाव या गावचा एक व्यापारी शुक्रवारी शेळ्या न्यायला येणार असं ठरलं. मी घाबरून गुरुवारी बीडच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नीट तपासणी होईपर्यंत शेळ्या थांबव, म्हणालो. ती म्हणाली, "डॉक्टर काय निराळं सांगणार? तू वाचलंयस की."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. वडवणी ओलांडेपर्यंत गाडीनं दोनदा आचके दिले आणि शेवटच्या टपरीपुढे ती बंद पडली. मी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्यावर शिकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट गंभीरपणा येतो, तो आणला. बॅटरीच्या तारा हलवल्या. मग उन्हानं पेट्रोलची नळीत वाफ झाली असणार, असा निष्कर्ष काढून नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. जमलेल्या चौघांना वाफेचा सिद्धांतही सांगितला. चौघांनी माना डोलावल्या. गाडीनं डोलावली नाही.

टपरीच्या पलीकडे एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री हात पुसत आले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. फडक्याकडे बघून म्हणाले, "सर, हे कुणी बांधलं?"

"मीच."

"चांगलं बांधलंय. सोडा आता."

आई अजून मागेच बसली होती. मिस्त्रींनी मला स्टिअरिंगवर बसवलं. "फकस्त चावी फिरवा. सेल्फ मारू नका." मी चावी फिरवली. ते टाकीच्या तोंडाशी कान लावून उभे राहिले, मग खिडकीतून आईला म्हणाले, "मावशी, तुमी बरोबर जागेवर बसल्यात. खालून काय आवाज आला का?"

"न्हाई बाबा." आईचा चेहरा उजळला. "रोज कानात भुणभुण होती. आज सकाळी जरा झाली आन् आता एकदम बंद. कान बरा झाला वाटतं. थेंबांचा गुण आला."

मी अभिमानानं मिस्त्रींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण वेगळ्या नजरेनं.

त्यांनी फ्यूज तपासला. तारेला बल्ब लावून करंट येतोय हे बघितलं. मग रबरी हातोडा घेऊन गाडीखाली सरकले. "चावी चालूच ठेवा," असं ओरडून त्यांनी टाकीच्या बुडाला दोन-तीन ठोके दिले.

"आली!" आई मागून हताश होऊन म्हणाली. "परत आली रे भुणभुण."

मिस्त्री आडवे पडल्या पडल्याच हसायला लागले. बाहेर आले तरी हसू थांबेना. "मावशी, म्या टाकी ठोकली तं तुमच्या कानात वाजलं. कान काय टाकीत ठिवलाय का?"

मग ते माझ्याकडे वळले.

"सर, पेट्रोलचा पंप टाकीत आसतो, मागच्या सीटखाली. मावशी त्याच्यावरच बसत्यात. म्हातारा झाला की लई बोंबलतो, मग मरतो. ठोकलं तर घटकाभर उठतो. कधीपासून बोंबलतोय हा?"

"हिवाळ्यापासून," आई म्हणाली. "मी सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

एवढ्यात ठोक्यानं उठलेला पंप पुन्हा गप्प झाला. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही, हे तिचं मोठेपण. जमलेल्या चौघांनी मात्र आळीपाळीनं बघितलं.

मिस्त्रींनी बीडच्या एका दुकानाला फोन लावला. नवा पंप येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरपाशी द्यायचं ठरलं. आमच्याकडे औषधं, चष्मे, लग्नपत्रिका याच मार्गानं येतात. पंपही दुपारी दोनच्या गाडीनं ड्रायव्हरच्या शेजारी बसून आला. कानाच्या डॉक्टरांची वेळ तोवर टळून गेली होती. आईनं त्याची हळहळ केली नाही.

आधी बॅटरीची तार सोडली. "बिडी इझवा बे, का समद्यांनाच वर पाठवता?" असं बघ्यांना दरडावून मिस्त्रींनी मागची सीट उचलली. खाली सुकलेल्या लेंड्या निघाल्या. माझ्या माघारी आळीतल्या कुणाला तरी गाडी चालवायला लावून आजारी करडू दवाखान्यात नेलं नव्हतं, असं आई शपथेवर सांगत आली होती. आता ती दुसरीकडे बघायला लागली आणि आमची थोडी फिट्टंफाट झाली. झाकण निघालं, नळी निघाली, मोठं कडं फिरवून सोडवलं आणि पेट्रोलच्या उग्र वासासकट जुना पंप वर आला. त्याची जाळी काळ्या गाळानं भरली होती.

"टाकी फुल कधी केली होती?" मिस्त्रींनी विचारलं.

इथे माझं दुसरं पांडित्य उघडं पडलं. आमच्या गावाला पेट्रोल पंप लांब. कुणाची मोटारसायकल सुकली की माणूस नळी आणि बाटली घेऊन माझ्या दारात. "सर, बाटलीभर काढतो." मी घरी नसलो तरी काढतो, आणि नंतर भेटला की सांगतो, एवढा प्रामाणिक. यावर मी शास्त्रीय तोडगा काढला होता: टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही. काटा लाल रेषेवर, नळी घालणारा रिकाम्या हातानं परत. दोन वर्षं या युक्तीवर मी स्वतःवर खूश होतो.

"पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, सर. तळाला घोटभर ठिवलं की गाळ वढतो, तापतो, जळतो." मग जरा आदरानं विचारलं, "तुमी कॉलेजात काय शिकवता?"

"फिजिक्स."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या जातिवंत सभ्यतेबद्दल मी आजही ऋणी आहे. त्या आठवड्यात माझा पाठ उष्णतेच्या वहनावर चालू होता.

नवा पंप बसला, रबरी रिंग नवी टाकली, सीट खाली आली. आईनं पुन्हा आपली जागा घेतली. मी चावी फिरवली. मागून बारीक गुणगुण आली आणि सेल्फ मारताच इंजिन सुरू झालं.

"आता बराय," आई म्हणाली. "ह्यो निरोगी हाय. मघाचा कण्हत व्हता."

हा फरक मला ऐकू आला नव्हता. मिस्त्रींनी मान डोलावली. दिवसभरात त्यांनी दिलेली ती पहिलीच मान्यता होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

परतताना मी कितीतरी वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "आई, माझं चुकलं. तुझ्या कानाला काही झालं नव्हतं."

"हं," ती मागून म्हणाली. "पुढं बघून चालीव."

शुक्रवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. आई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "शेळ्या इकायच्या न्हाईत."

"आवो, तुमीच म्हनला कान गेलाय."

"गाडीचा गेलता. बदलला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी शिकलेला असल्यामुळे समजावून सांगू शकलो असतो, पण पहिल्यांदाच मोह आवरला. टेम्पो रिकामा गेला.

आता टाकी भरलेली असते. बातमी गावात पोचायला दोन दिवस लागले. परवा दुपारी मी घरात वह्या तपासत होतो आणि आई आतल्या खोलीत डाळ निवडत होती. मला काहीच ऐकू आलं नाही. तिनं हात थांबवला, मान जराशी वळवली आणि तिथूनच ओरडली, "टाकीचं झाकण लाव! नळी घिऊन घरी जा गुमान!"

बाहेर झाकण लागल्याचा आवाज झाला. तो मलाही ऐकू आला.