औषध नव्हे, टॉनिक

"फुप्फुसातली गाठ कर्करोगाची आहे," डॉक्टर म्हणाले. अहवालावर 'कार्सिनोमा' असा शब्द होता. शरीराच्या अस्तरातल्या पेशी बेबंद वाढून जी गाठ होते, तिचे हे नाव. गाठ लहान होती, शस्त्रक्रियेने निघणारी होती. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "औषधं कोणती घेता?"

"एकबी न्हाई," माझा थोरला भाऊ ताठ बसून म्हणाला. "औषध आमी भाताला मारतो, डॉक्टर."

डॉक्टर हसले, वहिनीही हसली, आणि कागदावर 'काही नाही' अशी नोंद झाली. दादाच्या उत्तरात खोटे काहीच नव्हते. तरीही ते धोक्याचे होते. कसे, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

मी भोरला शाळेत विज्ञान शिकवले. दादाने आमच्या गावी, गुंजवण्याला, शेती केली. विड्या सुटून त्याला काही वर्षे झाली होती, खोकला मात्र सुटला नव्हता. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली तशी मी गावी गेले. फडताळात भातपिकावर फवारायच्या टॉनिकशेजारी गाजराचे चित्र असलेला डबा दिसला.

"हे काय, दादा?"

"ताकदीचं. जावयानं दिलंय. औषध न्हाई ते, टॉनिक."

"रोज घेतोस?"

"न घेऊन सांगतो कुणाला? जावई आला की डबा हलवून बघतो."

मी बारीक अक्षरे वाचली. बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातला तो घटक ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. सोबत 'ई' जीवनसत्त्व. दोन्ही रोजच्या गरजेहून पुष्कळच जास्त. खाली छापले होते, 'औषधी वापरासाठी नाही'. दादा आणि डबा एकच बोलत होते. मला संशय आला तो तिथेच.

जावयाला फोन लावला. "आत्या, नॅचरल आहे सगळं. साइड इफेक्ट शून्य."

"जावईबापू, हे शून्य कुणी मोजलं?"

"कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलंय."

वहिनीने माझा पदर ओढला. "वन्सं, लई ताणू नका. जावई हायेत."

मी डबा डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांचे हसू गेले. "'ई' जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तस्राव वाढू शकतो. हे आजपासून बंद. ऑपरेशन पुढे ढकलू."

"आणि बीटा कॅरोटीन?"

"विड्या ओढणाऱ्यांमध्ये त्याच्या मोठ्या मात्रेनं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे माहीत आहे. यांची गाठ त्यानंच झाली का, हे मला माहीत नाही. विड्याही पुरेशा होत्या."

"म्हंजी टॉनिकनं तणबी वाढतं," दादा म्हणाला.

उपमा इतकी चपखल बसली की मला तिचाही संशय आला. उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते.

थांबण्याचे ते दिवस फार वाईट गेले. दादा खोकला की वाटे, गाठ वाढत असेल. काढा, चूर्ण, शेजारणीने आणलेला मध, सगळ्यांकडे मी तिरक्या नजरेने पाहत होते.

शस्त्रक्रिया पार पडली. गाठ पूर्ण निघाली, रक्तस्राव बेताचाच झाला. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यांच्या कौशल्याची, आणि त्यांनी 'माहीत नाही' म्हटले त्याचीही. डब्यावर ते शब्द कुठेच नव्हते.

तुम्हांला कोणी 'औषधं' विचारली, तर जे जे गिळता ते सारे सांगा. ताकदीचे, झाडपाल्याचे, जावयाने दिलेलेसुद्धा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दादाने पिशवीच टेबलावर पालथी केली. काढ्याची पुडी, चूर्ण, खोकल्याच्या गोळ्या.

"आनि सकाळी हिच्या हातचा चा," तो म्हणाला. "तेवढ्यावर आमच्या मास्तरीणबाईंचा अजून संशय न्हाई."

"साखर किती घालता?" मी वहिनीला विचारले.