आजोबांचं चीनमधलं खाचर

घरी राहण्यात तुमच्या आजोबांइतका तरबेज माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि मी नेमकी त्यांनाच घेऊन, पाठीवर पिशव्या लावून, चीनला गेले. तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तुम्ही दोघं म्हातारपणी बॅकपॅकिंगला कसे गेलात?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. गोष्ट दमछाकीची आहे, हे आधीच सांगते. त्या पहिल्या आठवड्यातलं मला जे आठवतं, त्यात निम्मे माझे गुडघेच आहेत.

हे सापगावचे, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या घरातले. कल्याणच्या पलीकडे गेलं की ह्यांना पाणी बाधायचं. पुण्याला माझ्या बहिणीकडे आयुष्यात एकदाच आले, ते अर्ध्या जेवणावरून उठून, "बैलांना पाणी दाखवायचं राहिलं गो," म्हणत निघाले. बैल दोन वर्षांपूर्वीच विकलेले होते. मी शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीच्या समारंभात माझ्या गळ्यात हार असताना हे सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हिनं इतकी वर्सं माझ्या शेताचा टाइम सांभाळला. आता ही म्हणंल तिकडं जायचं, म्हणंल तेवढे दिवस." टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं होतं, मी फार तर नाशिक म्हणेन. मी चीन म्हटलं, आणि पुढे व्हिएतनाम, लाओस, थायलंड. एकूण पाच महिने. शब्द दिला की हे मोडत नसत, पण त्या दिवसानंतर आठवडाभर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मी त्यांची जमीन लिहून घेतली आहे.

पाठपिशव्या शिवून घेण्याचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. मुरबाडच्या एका शिंप्याकडून निळ्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून आणल्या. "बाजारातल्या पिशवीत पानी शिरतं, हिच्यात नाय," म्हणाले. ते खरं होतं. पण तिच्यात वाराही शिरत नव्हता, आणि चालताना ती कडकड वाजायची, त्यामुळे आम्ही येतोय हे चीनला आधीच कळायचं. विमानतळावर त्यांच्या पिशवीतून विळा निघाला. अधिकाऱ्याने तो काढून घेतला तेव्हा हे अगदी दुखावले. "मी काय कुनाला मारायला चाललोय? तिकडं गवतबिवत कापायला लागलं तर?" मी मागे उभी राहून छताकडे बघत होते. अधिकारी म्हणाला, "काका, परदेशात गवत कापायला चाललात?" "मग तिकडं गवत नाय?" ह्यांनी विचारलं. अधिकाऱ्याने मान डोलावली, पण विळा त्याच्याकडेच राहिला.

हाँगकाँगला उतरून आम्ही रेल्वेने ग्वांगचौला गेलो आणि तिथे माझ्या पस्तीस वर्षांच्या इंग्रजीची किंमत कळली. मी गुइलिन शहराच्या तिकिटासाठी खिडकीवर स्पष्ट, सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलत होते. वर्गात कच्च्या मुलांशी बोलायचे तशी. खिडकीतली मुलगी नम्रपणे हसायची आणि माझ्या मागच्या माणसाला तिकीट द्यायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा हे पुढे झाले, खिडकीवर दोन्ही कोपरं टेकली आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "बाय, दोन मानसं, गुइलिन, झोपायची जागा दे. हिचे गुडघे दुखतात." आणि माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मुलीने वाकून माझे गुडघे बघितले आणि दोन खालचे बर्थ दिले. त्यानंतर ह्यांनी चीनमध्ये माझं काही ऐकून घेतलं नाही. दिसेल त्याच्याशी मराठीत बोलायचे, समोरच्याला कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणायचे, आणि कसं कोण जाणे, काम व्हायचं. गाडीत त्यांनी सुके बोंबील आणि लसणीची चटणी काढली. मला वाटलं, आता आपल्याला खाली उतरवतील. समोरच्या म्हाताऱ्याने एक बोंबील उचलला, हुंगला, खाल्ला आणि दुसरा मागितला.

पण जेवायची वेळ आली की हे उदास व्हायचे. कुठल्याही खानावळीत वाटीभर भात आला की एक शीत दाताखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे: "जुना हाय." "भिजवून ठेवलेला हाय." "ह्याला खत जास्त मारलंय." चौथ्या दिवशी गुइलिनच्या एका खोलीत त्यांनी निकाल दिला नाही. वाटी तशीच बाजूला सारली. बाहेर जूनचा पाऊस पडत होता. आपल्याकडे त्याच दिवसांत भाताचं बी पेरलं जातं, आणि त्या वर्षी ते सगळं तुमच्या धाकट्या आजोबांवर, म्हणजे माझ्या दिरांवर, सोपवून आम्ही आलो होतो.

"मी माघारी जातो गो," हे म्हणाले. "तू फिर. तुला भाषा येते."

"कुठली भाषा येते?" मी म्हणाले. "इथे मला तुमच्यामुळे तिकीट मिळतं."

ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हे खरंच जाणार. रागवायची माझी तयारी होती, पण अंगात ताकद नव्हती. चार दिवसांत आम्ही तीन गाड्या बदलल्या होत्या, माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते, आणि खोली चौथ्या मजल्यावर होती. अकरा वर्षं मी या प्रवासासाठी नकाशे जमवले होते, माझ्या वहीत प्रत्येक दिवस तासातासाने आखलेला होता, आणि सगळं चौथ्या दिवशी संपणार होतं. एकटी मी पुढे जाणार नव्हते, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "उद्या डोंगरावरची भातशेती बघायला जायच्या बसची तिकिटं काढलीत. ती बघू, मग तुम्ही ठरवा." ते म्हणाले, "बघू." ह्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आता तुम्हाला आजोबांची मुख्य खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायच्या दिवसांत, शेजारी एकमेकांच्या शेतात जातात. मजुरी नसते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. त्यात ह्यांचा एक कडक नियम होता: दुसऱ्याच्या खाचरात पाय घातला की ते पुरं झाल्याशिवाय पाय काढायचा नाही. हा नियम त्यांनी खाचरापुरता ठेवला नाही, हीच अडचण. एकदा मुरबाडला एका घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तिथे ते लोक घराची कौलं चाळत होते. हे शिडीने वर चढले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. पत्रिका खिशातच होती.

तर त्या डोंगरावर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये, एका खाचरात एक कुटुंब आवणी करत होतं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. म्हातारी माझ्या खांद्याएवढी. मी बांधावर बसून टाचेला पट्टी लावत होते. मान वर केली तोवर ह्यांनी पिशवी टाकली होती, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, आणि हे खाचरात होते.

"अहो, काय करताय? त्यांनी बोलावलंय का तुम्हाला?"

"आवणीला कोन कुनाला बोलावतं गो?"

त्या कुटुंबाने काम थांबवून ह्यांच्याकडे बघितलं. हे त्यांना म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." मग रोपांची एक मूठ उचलून सपासप लावत सुटले, आपल्याकडची सवय तशी, हात पडेल तिथे. चार हात जागा भरली असेल. म्हातारी त्यांच्या मागे मागे आली आणि त्यांनी लावलेलं प्रत्येक रोप शांतपणे उपटून काढलं. मग एक दोरी आणून खाचरात ताणली आणि दोरीच्या कडेने, सारख्या अंतरावर, एक ओळ लावून दाखवली. नंतर ह्यांच्या मनगटावर चापट मारली, अगदी मी स्पेलिंग चुकणाऱ्याला मारायचे तशी.

मला वाटलं, आता हे बाहेर येतील. चाळीस वर्षांत ह्यांचं लावलेलं रोप उपटायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांच्या वडिलांचीसुद्धा. ह्यांनी चिखलाने माखलेल्या हाताने ती दोरी ओढून बघितली. मग वाकले आणि दोरीच्या कडेने लावायला लागले. "बरं मावशे," म्हणाले, "तू म्हनशील तसं."

झालं. नियम लागू झाला. ते खाचर मोठं होतं आणि त्याच्या खाली त्यांची आणखी दोन होती. आम्ही त्या गावात त्यांच्याच लाकडी घरात राहिलो. पहिला दिवस मी बांधावर बसून काढला. माझ्या वहीप्रमाणे आम्ही त्या वेळी एका नदीवर होड्यांमध्ये असायला हवं होतं. मला सारखा एकच प्रश्न पडत होता: हे इथे रमलेत, की इथून सरळ घरी जाण्याआधी हातातलं काम उरकतायत? विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशीही बसून होते. दुपारी म्हातारी माझ्यापाशी आली. रोपांची एक मूठ माझ्या मांडीवर ठेवली आणि परत गेली. ओली, थंड मूठ. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण लग्न होऊन मी सापगावात आल्यापासून त्या दिवसापर्यंत मी खाचरात पाऊल टाकलेलं नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "ती शिकलेली हाय, तिला चिखलात नाय न्यायची." त्या मायेनेच म्हणाल्या. मग मी 'बाई' झाले, आणि बाईंना आवणीच्या दिवसांत फक्त शेतावर चहा पाठवायचा असतो. त्या डोंगरावर मी कुणाचीच बाई नव्हते. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, फोडांच्या पट्ट्या काढल्या आणि उतरले.

चिखल पोटरीपर्यंत आला. तोल गेला. हे दोन ओळी सोडून माझ्याकडे आले, मला वाटलं आता चेष्टा करणार. त्यांनी माझा अंगठा धरला. "अंगठ्यानं रोपाचं मूळ खाली दाब. जास्त खोल नाय. पुढचं लावताना मागं बघू नको." एवढंच. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी एक ओळ लावली, वाकडी. म्हातारीने त्यातली निम्मी रोपं उपटली. आम्ही तिघंही हसलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही खाचरं पुरी झाली. हे बांधावर पाय धूत बसले होते. माझी कमर इतकी दुखत होती की मी उभी राहूच शकत नव्हते, म्हणून त्यांच्या शेजारी आडवी झाले.

"आपल्याकडं पन लावतील म्हना," ते म्हणाले.

"लावतील की. तुमचा भाऊ आहे."

"व्हय." त्यांनी दुसरा पाय धुवायला घेतला. "मग ती तुझी नदी कुठंशी हाय? किती टाइम लागंल?"

मी पडल्या पडल्याच तास सांगितले. ते मला पाठ होते.

पाच महिने आम्ही फिरलो. दमलो, भांडलो, ताडपत्रीच्या पिशव्या शेवटपर्यंत फाटल्या नाहीत. परतलो तेव्हा दिरांनी लावलेलं भात कापणीला आलं होतं, उत्तम आलं होतं, आणि ह्यांनी त्यात एकही खोट काढली नाही, हे बघून दीरच घाबरले.

पुढच्या जुलैत आवणी सुरू झाली तेव्हा मी चहाची किटली घेऊन स्वतःच शेतावर गेले. किटली ठेवली आणि साडी खोचायला घेतली. खाचरातल्या बायकांनी एकच गलका केला, "बाई, तुमी कशाला? पाय घान होतील! बसा तुमी!" हे पलीकडच्या कडेला होते, दोरीने ओळी लावत; गाव त्यांना त्यावरून हसत असे. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले, हातातली रोपांची मूठ जराशी पुढे धरून. मी ओशाळले, साडी सोडली, किटली उचलली आणि घरी आले. तेव्हा मला वाटलं, ते माझ्या मागच्या डोंगरावर ढग आलाय का ते बघतायत. त्यानंतर, ते गेले तोवर, सात आवण्या त्यांनी केल्या, आणि मी त्यांना कधी विचारलं नाही, तेव्हा नक्की काय बघत होता.