यादीतलं शेवटचं नाव

कचेरीच्या फ्रिजमधल्या आपल्या डब्यावर तारीख आणि आद्याक्षरं लिहिलेली पट्टी चिकटवणारं आमच्याकडचं पहिलं माणूस म्हणजे हायडी ब्रुगमन. प्रयोगशाळेची सवय. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विद्यापीठात तिने यीस्टवर पीएच.डी. केली, पुढेही तिथेच संशोधन केलं आणि मग पांढरा कोट उतरवून आमच्या पेटंट वकिलांच्या कचेरीत आली. दिवसा आमचं काम, संध्याकाळी कायद्याचं कॉलेज. मी इथे फी आणि मुदती सांभाळतो. जीवशास्त्रात मला गती नाही, पण हिने लिहिलेला मसुदा मलाही समजतो, हे पहिल्या महिन्यातच लक्षात आलं.

"एवढं शिकून प्रयोगशाळा का सोडलीस?" मी एकदा विचारलं.

"शरद, इतकी वर्षं मी एकाच जनुकाचं तोंड बघत होते. नवऱ्याचंसुद्धा इतकं कोणी बघत नाही! मग कळलं, स्वतःच्या प्रयोगापेक्षा दुसऱ्याचा प्रयोग खोदून विचारण्यात मला जास्त गोडी आहे."

तिचे गुरू प्राध्यापक अर्लन टॉर्गरसन यांना ते रुचलं नव्हतं. पण दर शुक्रवारी ते आजीमाजी विद्यार्थ्यांना तळलेले मासे खायला नेत, त्यात हायडीची जागा त्यांनी कायम ठेवली. ती आली की म्हणत, "वकीलबाई आल्या. आता तोंड सांभाळा रे सगळ्यांनी."

हायडी वकील झाली आणि तिची पहिली स्वतंत्र फाइल आली ती नेमकी टॉर्गरसनांच्याच प्रयोगशाळेची. चीजच्या कारखान्यातून निघणाऱ्या आंबट पाण्यात यीस्ट तग धरत नाही. त्यांच्याकडच्या माई वांग या संशोधिकेने ते तिथे जगवून दाखवलं होतं. आमच्या मुख्य वकील गेल प्रिचर्ड तिला म्हणाल्या, "हे नीट पार पाड, विद्यापीठाचं सगळं जीवशास्त्र तुझं. बिनसलं, तर ते दुसऱ्या कचेरीत जाईल आणि तुला देण्यासारखं काम माझ्याकडे उरणार नाही."

टॉर्गरसनांनी शोध लावणाऱ्यांची नावं पाठवली होती. दोन नावं. आधी माई, शेवटी ते स्वतः. शास्त्रज्ञांच्या लेखात प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव शेवटी असतंच, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पेटंटात मात्र ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याचंच नाव लागतं, आणि त्याला शपथेवर सही करावी लागते.

बैठकीला फीच्या बोलण्यासाठी मीही होतो. हायडीने मसुदा पुढे ठेवला. शोधात नवं काय आहे, ते अशा मसुद्यात एकेक दावा करून मांडलेलं असतं. "अर्लन, यातला एकेक दावा मी वाचते. तो आधी कोणाला सुचला, एवढंच सांगा."

"परीक्षा घेतेस माझी? तुझी मी घेतली होती, विसरलीस?"

"नाही विसरले. फार अवघड होती."

ते हसले. पहिला दावा यीस्टची आधी उपासमार करून मग त्याला आंबट पाण्यात सोडण्याचा.

"माईला," ते म्हणाले.

दुसरा एक जनुक काढून टाकण्याचा. "तेही माईचं. पण त्या पाण्यावर काम करा, हे मी सांगितलं. पैसे मी आणले. प्रयोगशाळा माझी."

"कुठे जायचं ते तुम्ही सांगितलंत. वाट तिने शोधली. कायदा वाट शोधणाऱ्याचंच नाव लावतो."

गेलबाईंनी घसा खाकरला. "हायडी, याचा सावकाश विचार करू आपण."

"करू या. पण पेटंट कोर्टात गेलं तर समोरचा वकील हेच प्रश्न अर्लनना शपथेवर विचारेल, आणि माझ्याइतक्या मायेने विचारणार नाही. माईचं सगळं काम त्यात बुडू शकतं. हे नाव मला घालता येणार नाही."

टॉर्गरसन उठले. "यीस्ट कसं वाढवायचं ते तुला मी शिकवलं," एवढंच बोलले आणि गेले.

हायडी टेबलाजवळ तशीच बसून राहिली. पण तिने मसुद्यातला एक शब्दही बदलला नाही. पुढे विद्यापीठाने एकट्या माईच्या नावाने अर्ज करायला कळवलं. शुक्रवारचं बोलावणं बंद झालं, आणि टॉर्गरसनांचा पुढचा शोध दुसऱ्या कचेरीकडे गेल्याची बातमी आली. गेलबाईंकडून हायडीकडे नवीन फायली येईनाशा झाल्या. तरी ती रोज येऊन दुसऱ्यांचे मसुदे तपासून देई.

हिवाळा संपता संपता टॉर्गरसन न कळवता आमच्या कचेरीत आले. तिच्या टेबलासमोर बसले.

"त्या दुसऱ्या कचेरीत दिलेली फाइल मी इकडे आणली."

"का? काय झालं?"

"तिथला वकील माझ्या प्रत्येक वाक्याला 'उत्तम, उत्तम' म्हणत होता. कोणाला काय सुचलं, एका शब्दाने विचारलं नाही. मला झोप लागेना. यातला तिसरा दावा माझा आहे, हायडी. खरोखर माझा. विचार, काय विचारायचंय ते."

हायडीने दार लोटून घेतलं. काचेपलीकडे मला दिसत होतं, ती प्रश्नामागून प्रश्न टाकत होती, ते हातवारे करून भांडत होते. पार दुपार झाली. मग दार उघडून तिने मला हाक मारली, "शरद, या अर्जाची फी बघा. अर्लनचं नाव राहणार आहे."

"पण या वेळी पहिलं हवं," आतून आवाज आला.

"गप्प बसा," ती म्हणाली.