टोपलीवाल्या नुमेरियसचं मत

"उद्या पडशील का?"

"त्ये माझ्या हातात असतं तर आजपातूर तीनदा पडलोच नसतो," नुमेरियस म्हणाला. त्याची नजर हातातल्या वाळुंजाच्या फोकेवरच होती.

"दिस उगवल्यावर चौथ्या तासाला. आन् तेबी आमचा धनी मागं पडलेला दिसला तरच," वल्गियस म्हणाला. हा वल्गियस निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका बड्या असामीचा हस्तक. येताना डुकराची अख्खी खारवलेली मांडी घेऊन आला होता आणि ती नुमेरियसच्या बायकोच्या, ओपियाच्या, हातात देऊन मोकळा झाला होता.

"आन् धनी म्होरं असला तर?"

"तर कळ काढायची. तेवढं जमंल की, गड्या."

"अवं, सकाळी दुसऱ्या धन्याचा मानूस यून गेला," ओपिया आतनं म्हणाली. "उद्या घरीच बसा म्हनाला. ऑलिव्हचं मडकं दिलंय."

"परत कर त्ये."

"निम्मं खाल्लं."

नुमेरियसला फेपरं यायचं. रोमात त्या दुखण्याला 'सभेचं दुखणं' असंच म्हणत. सभा भरलेली असताना कुणी फेपरं येऊन पडला की देवाची मर्जी नाही असं धरायचं आणि सभा मोडायची. टाकलेली मतं वाया. नुमेरियसनं अशा तीन सभा मोडल्या होत्या, तिन्ही आपला नंबर यायच्या आधी. रस्त्यात लोक त्याला बघून थुंकायचे. राग म्हणून नव्हे, दुखणं चिकटू नये म्हणून. एखादा थुंकला नाही तर त्याची तब्येत बरी नाही का, असं नुमेरियसला वाटायचं.

बरं, मतं पडायची त्या टोपल्या त्याच्याच हातच्या. बावीस वर्षं तो त्या विणत होता. वय सत्तेचाळीस झालं, पण स्वतःच्या टोपलीत स्वतःच्या मताची मेणाची पाटी टाकायला एकदाही मिळालं नव्हतं. मरायच्या आत तेवढं एक व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं.

सकाळी निघताना ओपियानं विचारलं, "टाकनार कुनाला?"

"सांगायचं न्हाई म्हनून तर तोंडी मत जाऊन पाट्या आल्या."

मार्सच्या माळावर मतदारांच्या एकेका गणासाठी दोऱ्या बांधून वाडे केले होते. लोक त्याला मेंढवाडाच म्हणायचे. नुमेरियस आपल्या गणाच्या वाड्यात शिरला तशी त्याच्याभोवती दोन-दोन हात जागा मोकळी झाली.

"ह्याला म्होरं घ्या रं," एक म्हातारा म्हणाला. "टाकू द्या आन् जाऊ द्या घरी. ऱ्हायला हितं तर समद्यांची घालवंल."

असा तो आयुष्यात पहिल्यांदा रांगेत पहिला आला.

अरुंद फळीवरनं तो वर चढला. मेणाच्या पाटीवर उमेदवाराच्या नावाची दोन अक्षरं कोरली. टोपलीपाशी आला आणि थांबला. काठाची एक फोक सुटली होती. त्यानं बोट घातलं, तसं टोपलीच्या राखणदारानं मनगट धरलं.

"एकच पाटी टाकायची."

"पाटी न्हाई, फोक सुटलीया."

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दिली तर दुपारपातूर काठ उसवंल. मग भुईवरनं येचा मतं."

राखणदारानं विचार केला आणि मनगट सोडलं. नुमेरियसनं फोक आत खोचली, मग पाटी टाकली. टक् असा आवाज झाला. आणखी काही होतंय का म्हणून तो जरा थांबला. काही झालं नाही.

फळीवरनं खाली उतरतोय तोवर शेजारच्या वाड्यात गलका झाला. वल्गियस पडला होता. हातपाय झाडत होता, तोंडाला फेसही आणला होता. त्याचा धनी मागं पडल्याची कुजबुज सकाळपासूनच होती. आता सभा मोडली की नुमेरियसचं मतही गेलं.

सभा चालवणारा कॉन्सल स्वतः आला. "तो टोपलीवाला कुठाय? यातलं त्याला कळतं. बोलवा." नुमेरियसला पुढं ढकललं. "सांग, खरं आहे का हे?"

नुमेरियसनं बराच वेळ बघितलं.

"सरकार, मी तीनदा पडलो. तिन्ही येळा अंगावरचा टोगा फाटला. ह्यानं आपला घडी घालून बाजूला ठिवलाय."

वल्गियसचा एक पाय झाडायचा थांबला. दुसरा थोडा वेळ चालू होता.

कॉन्सलनं मतदान पुढं चालू ठेवायला सांगितलं. कधी उठावं हे न कळल्यामुळं वल्गियस बराच वेळ तसाच पडून राहिला. त्याचा धनी दोन गणांनी हरला.

निकाल ऐकून नुमेरियस घरी आला आणि दारातच ओल्या फोकांच्या ढिगावर कोसळला. या वेळी खरंच. ओपियानं कोयता लांब सारला आणि त्याला कुशीवर वळवलं. रस्त्यानं जाणारे दोघे थुंकले आणि आपल्या वाटेनं गेले.

शुद्धीवर येताच त्यानं विचारलं, "मोडली का?"

"काय?"

"सभा."

"ती कवाच उरकली की. तुमीच निकाल ऐकून आलासा."

"मग मत ऱ्हायलं म्हनायचं." तो उठून बसला. "मी पडलो तवा कोनी आलतं का?"

"वल्गियस. मांडी परत मागत हुता."

"मग?"

"निम्मी खाल्ली म्हनलं."

नुमेरियसनं हनुवटी पुसली. अंगाखाली मोडलेल्या फोका वेगळ्या काढल्या, धड होत्या त्या पाण्यात टाकल्या. पुढच्या सभेसाठी सहा टोपल्या सांगितल्या होत्या. त्यानं पहिलीचा तळ धरला. या वेळी काठाला दुहेरी फोक घालायची त्यानं ठरवलं होतं.