अर्ध्या उजेडातली आई

काल कपाट आवरताना जुनं लाइट मीटर हाती आलं आणि महाल भागातल्या माझ्या स्टुडिओतली ती दुपार आठवली. दवाखान्यातून घरी आलेली आई हट्टानं फोटो काढायला आली होती; अंगावर जांभळी साडी, केस गळाल्यामुळे डोक्यावर घट्ट पदर. मी हनुवटीशी मीटर धरलं, तर तिनं सवयीनं तोंड उघडलं. "ताप नाही आई, फ्लॅशचा उजेड मोजून राहिलो," मी म्हणालो. ती हसली. "मग नीट मोज बाबू. मागं राहणारा फोटो आहे." मी तीनदा मोजलं आणि बारा फोटोंचा अख्खा रोल संपवला. तो धुवून आला तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. फ्लॅशसाठी शटर सावकाश ठेवावं लागतं; माझं आदल्या दिवशीच्या उन्हातल्या वेगावरच राहिलं होतं, म्हणून फ्लॅश उडाला तेव्हा शटरच्या पडद्यानं अर्धी चौकट झाकलेली होती. बाराही फोटोंत तिचा अर्धा चेहरा काळा होता. मी बाबांसमोर रडलो. त्यांनी एक फोटो बराच वेळ न्याहाळला. "हाच लाव गा भिंतीवर," ते म्हणाले, "हसून तर राहिली." अजूनही कोणी पाहुणा विचारतो, अर्धाच उजेड काहून? मी सांगतो, मुद्दामच तसा काढला होता.